पुजलेला दोर

चिखली, १२ सप्टेंबर १९७२

तीर्थस्वरूप दादांस शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितो म्हणून माझा कान धराल, ठाऊक आहे. इथं गावोगावच्या विहिरी सांभाळणाऱ्यांचा आठ दिवसांचा वर्ग होता आणि शिकवणारा मी एकटा. बीबी गावचा गडी दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी बाजार पाहायला गेला. पण आपल्या पंचायतीनं पाठवलेला कचरू! त्याच्याएवढं मन लावून कुणी ऐकलं नाही.

त्याला पाणी मोजायला शिकवलं. दोराला दगड बांधायचा, हाताहातावर गाठ मारायची आणि विहिरीच्या तळापर्यंत सोडायचा. वर ओढल्यावर जितक्या गाठी ओल्या, तितके हात पाणी. यंदा पावसानं दगा दिला आहे. गावविहिरीत बारा हात उरलं की तिच्यावरचं तुमच्या बागेचं इंजिन बंद करायचं, म्हणजे मृगापर्यंत गावाला प्यायला पुरेल. तसा कागद कचरूसोबत दिला आहे.

दादा, रागावू नका. आमचे साहेब आपलं गाव नमुना म्हणून दाखवणार आहेत आणि त्यावर माझी नोकरी कायम व्हायची आहे. वहिनींना नमस्कार. धाकट्यावर माया आहे ती आटू देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
शालिग्राम

पिंपरखेड, दुसरबीडजवळ, ५ ऑक्टोबर १९७२

चि. शालिग्राम यास उकंडरावचे अ. उ. आशीर्वाद.

तुहा कागद पावला, तुहा पंडितही पावला. काय बे, आठ दिवसांत त्याले काय चारलं? काल भर चावडीवर मले सांगते, चौदा हात पाणी हाय, दोन उतरले की इंजिन बंद करा. मले! गावच्या सरपंचाले! त्याचा बाप आमच्या गोठ्यात शेण काढत मेला. मी म्हणलं, लेका, हळू बोल, तुह्या अकलेचं वजन चावडीच्या माळवदाले पेलत नाही. सारे पोट धरून हसले. तोही हसला, येडा.

माही संत्र्याची बाग पहिल्या बहारावर हाय. चारशे झाडं वाळली तर तुहा साहेब रडाले येणार हाय काय? तू नोकरीचं पाहा, बागेचं मी पाहतो. खंडेनवमीले गावची औजारं आपल्याच घरी पूजेले येतात. कचरूले म्हणलं, तुहा दोरही आण, रातभर देवापुढं राहू दे. केवढा फुगला! जसं त्याचंच लगन.

तब्येत सांभाळ. घरच्या माणसाची आठवण ठेवत जा.

उकंडराव

चिखली, २ नोव्हेंबर १९७२

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

कचरूचं कार्ड आलं. नवमीआधी चौदा गाठी ओल्या होत्या, आता एकवीस. पाऊस नाही, नाल्याला थेंब नाही. तो लिहितो, पूजा केली म्हणून विहीर पावली. विहीर अशी पावत नाही, हे मीच वर्गात शिकवतो. गाठींमधलं अंतर पुन्हा हातानं मोजून पाहा, असं त्याला कळवलं, तर म्हणतो पुजलेल्या औजारावर शंका घेतली की पाप लागतं. हसावं की रडावं?

पण साहेबांना कार्ड दाखवलं, तर त्यांनी माझी पाठ थोपटली. मग मीही फार खोलात गेलो नाही. आपलं छत्र डोक्यावर असू द्यावं.

शालिग्राम

पिंपरखेड, १४ एप्रिल १९७३

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

तुही नोकरी कायम झाल्याचं समजलं. पेढे कुठं गेले बे?

इथली खबर ऐक. पाडव्याच्या आधीच गावविहीर ठणठणीत. लोकं खवळले. चावडीपुढं कचरूले उभा केला अन् त्याच्या गळ्यात तोच दोर घालून गावभर फिरवला. पोरं मागून डबे वाजवत होती. मी काऊन अडवू? शिकला ना तो? पंचायतीनं त्याले काढून टाकलं. आता बाया दोन कोसांवरून पाणी आणतात. तिथं त्याच्या जनकाबाईचा घडा सगळ्यांच्या शेवटी भरू देतात, म्हणजे तिच्या वाट्याले गाळ. मी म्हणलं, गाळून पी, तुह्या नवऱ्याले हिसाब येते ना!

बाग झकास हाय. एक टोपली तुह्याकडं धाडतो. ख्याली खुशाली कळवत जा.

उकंडराव

पिंपरखेड, २० एप्रिल १९७३

चि. शालिग्रामभाऊजी यांस सुभद्राबाईचा आशीर्वाद.

चौथीपर्यंतच शिकली, अक्षराले हसू नका. हे पत्र तुमच्या दादाले माहीत नाही.

नवमीच्या रात्री दोर देवापुढं होता. तुमचे दादा म्हणले, गाठी सोड अन् जवळ जवळ बांध. बाईची बोटं बारीक, म्हणून मले सांगतलं. दोन हातांत तीन गाठी बसवल्या मी. काऊन, ते मी इचारलं नाही. या घरात इचारायची रीत नाही. कचरूले बारा गाठी दिसल्या तवा खरं पाणी आठच हात होतं, हे मले विहीर आटल्यावर समजलं. तवापासून अन्न जात नाही.

त्याचा दोष नाही, हाव, माझ्या बोटांचा हाय. भाऊजी, तुम्ही साहेबाले सांगा. तुमचं लिहिलेलं लोक मानतात. त्याच्या लेकराले गाळाचं पाणी पिऊन हगवण लागली हाय. वहिनी म्हणत असाल तर एवढं करा.

सुभद्राबाई

चिखली, ९ मे १९७३

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच चुलीत घातलं. पुन्हा असं कागदावर लिहू नका, आणि हेही वाचून जाळा. दादांचं सरपंचपद जाईल, माझी नोकरी जाईल आणि विहिरीत त्यानं पाणी येणार नाही. साहेबांनी अहवाल मागितला होता. मोजणाऱ्याच्या अज्ञानामुळे विहीर आटली, असं लिहून मी सही केली.

पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि तुमच्याशिवाय सांगू कुणाला? परवा कचरू आला होता. दोन दिवस चालत आला. लेकरू गेल्या आठवड्यात गेलं म्हणाला. मला वाटलं, हा आता माझ्या नरडीला हात घालणार. वहिनी, त्यानं घातला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दाराशी बसला आणि म्हणाला, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, मले झोप येत नाही.

मला सगळं ठाऊक होतं. तरी मी पाटी घेतली. ओल दोरात वर चढते, पाण्याबाहेरच्या गाठीही भिजतात, त्या तू मोजल्यास, असं त्याला चित्र काढून समजावलं. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग त्याच्या तोंडावर उजेड आला. हाव, ओल वर चढते, हे माह्या ध्यानातच आलं नाही, असं म्हणाला आणि पाया पडला. आता जनकाबाईला घरी जाऊन सांगतो, म्हणाला, की लेकरू माझ्याच चुकीनं गेलं, ती उगाच देवाला बोल लावते.

आपला,
शालिग्राम