जुना सेल्फ

बाबा, गाडी चालू होत नव्हती म्हणून तू बोईसरला आलास, त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. सकाळच्या एसटीने आलास. एका खांद्यावर पान्यांची कापडी गुंडाळी, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. तुला पाहून मला आधी आनंद झाला नाही, कॉलनीत वास पसरेल ही काळजी वाटली. ते जाऊ दे. तुला निरोप मीच धाडला होता, पण गाडी दुरुस्त करायला नव्हे. गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी ती आठ दिवस ठेवून घ्यायची म्हटलं होतं आणि ते आठ दिवस तू नातीजवळ राहावंस, एवढंच मला हवं होतं.

ती तेव्हा सहा वर्षांची होती. तारापूरच्या कारखान्यांची हवा तिला सोसत नव्हती. वारा फिरला की तिच्या छातीत शिटी वाजायची, आणि वाजायला लागली की अर्ध्या तासात पालघरच्या डॉक्टरांकडे पोचावं लागे. तुझा जावई आखातात. गाडी आम्ही घेतली ती याच एका कामासाठी. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, हाताखालची माणसं मला वचकून असत, पण दुपारी शाळेतून फोन आला की मी हातातलं काम टाकून पळत सुटे. आणि नेमकी ती गाडी, अवघी दोन वर्षांची, कधी चालू व्हायची, कधी नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक. समोरचे दिवे मंद व्हायचे आणि संपलं.

बेटेगावच्या अलीकडचा तो प्रसंग मी तुला सांगितला होता, पण अर्धाच. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, मी घाबरून ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. मागच्या सीटवर पोरगी खिडकीची कड धरून श्वास ओढतेय. मी किल्ली फिरवतेय. टक. पुन्हा टक. कारखान्यातून सुटलेले चार कामगार धावत आले. “मैडम, दूसरे गियर में रखो, हम धकेलते हैं,” एकजण म्हणाला. त्यांनी शे-दीडशे पावलं ढकलली तेव्हा गाडी चालू झाली. मी त्यांचे आभारही मानले नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झाल्यावर मला विचारलं, एवढा उशीर का केलात? हा प्रश्न मी तुला सांगितला नव्हता.

हायवेवरच्या वर्कशॉपात पांढऱ्या शर्टातला सुपरवायझर बसायचा. तो गाडीकडे कमी आणि हातातल्या कागदाकडे जास्त बघायचा. पहिल्यांदा म्हणाला, बॅटरी गेली. बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा टक. मग म्हणाला, सेल्फ गेला, म्हणजे इंजिन फिरवून देणारी ती मोटर. समुद्राकाठच्या हवेने गंजला, म्हणून हमीत बसत नाही. तोही बदलला. महिनाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने मान हलवली. “मॅडम, आता सगळी वायरिंगच बदलावी लागेल. बाहेर दाखवू नका. बाहेरचा हात लागला की सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर आमची जबाबदारी नाही.” मी बरं म्हणून आले. प्रयोगशाळेत एखाद्याने कारण न शोधता नुसत्या बाटल्या बदलल्या असत्या तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. तिथे मात्र मी बरं म्हटलं.

तू आलास, चहाही घेतला नाहीस, सरळ गाडीपाशी गेलास आणि म्हणालास, “टोपन उघड.” शेजारच्या इंजिनियरबाई गॅलरीत उभ्या होत्या. तुझी बोटं काळी, नखांत ग्रीस, आणि तू बॉनेटकडे हात नेलास. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही हात लावू नका. हमी जाईल.” जन्मभर तुला अरे-तुरे केलं आणि त्या दिवशी तोंडातून तुम्ही निघालं. तुला ते ऐकू आलं. तू हात मागे घेतलास, पाठीशी बांधलेस, आणि हसून म्हणालास, “बराय. आमी हात नाय लावत. तुमी लावा, मॅडम.”

मग तू पायरीवर बसलास आणि बसल्या जागेवरून मला कामाला लावलंस. आधी विचारलंस, काढलेले पार्ट कुठे आहेत? मी म्हटलं, वर्कशॉपात असतील. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला लहानपणचं आपलं बंदर आठवलं. होडीच्या इंजिनातून काहीही काढलंस की तू ते आधी होडीच्या मालकाच्या, नाखव्याच्या हातात द्यायचास. झिजलेली रिंग असो, फुटका पाइप असो. त्याने तो फिरवून बघायचा, बोट लावायचं, मगच नवा बसायचा. मी एकदा विचारलं होतं, त्यांना काय कळतं त्यातलं? तू म्हणाला होतास, “दर्यात मी नसतो, त्यो असतो. त्याला कलायला नको?” बंदरावर तुझ्याएवढे कारागीर आणखी दोघे होते, पण माणसं तुझ्याकडे यायची ती या हातात देण्यासाठी. आणि मी, तुझी मुलगी, दोनदा रिकाम्या हातांनी परत आले होते.

“काली तार बघ बॅटरीची,” तू म्हणालास. “तिच्यावर बोट ठेव नि जा तिच्यामागं. कुठं जाते?” मी वाकले. तार खाली गेली होती, गाडीच्या अंगाला एका बोल्टने आवळलेली. “हलव.” हलली नाही. “खोल.” तुझा पाना मला जड गेला. दोनदा निसटला, बोटाचं साल निघालं. वरून इंजिनियरबाई म्हणाल्या, “अहो, फोन करा ना त्यांना, कशाला स्वतः?” तू मान वर करून म्हणालास, “फोन केला तर शिक्का मारनारा येल, पाना मारनारा नाय.” त्या हसल्या. मी नाही हसले. बोल्ट निघाला आणि तारेच्या टोकाखाली हिरवीगार भुकटी दिसली. बाबा, ती भुकटी म्हणजे काय हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. तांबं, खारी हवा, ओल. एका बोटाएवढ्या जागेत वीज अडली होती आणि मी बॅटरी बदलत बसले होते. तू फक्त एवढंच म्हणालास, “शिकलीस बाय खूप. इचारायला नाय शिकलीस.” तू दिलेल्या पॉलिश पेपरने मी ती जागा घासली, ग्रीस लावलं, आवळलं. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. पोरीने टाळ्या वाजवल्या. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले, कोणी बघू नये म्हणून.

जाताना तू बजावलंस, “आता तितं जा. जुनी बॅटरी, जुना सेल्फ, दोनी हातात दे सांग. बोटानं दाखव सांग, काय बिघडलं होतं.” मी गेले. सोमवारी रजा टाकून गेले, वाटेत वाक्यं पाठ केली. सुपरवायझरने विचारलं, “बोला मॅडम, वायरिंगचं काय ठरवलं?” त्याच्यामागे सुट्या भागांची मांडणी दिसत होती, आणि माझ्या मनात आलं की आपल्या पट्ट्यात हे भाग फक्त याच माणसाकडे मिळतात. उद्या खरंच काही तुटलं, पोरगी मागे श्वास ओढत असली, आणि हा म्हणाला, तुम्हीच बघा ना तुमचं, तर? मी म्हटलं, “वायरिंग नको. सर्व्हिसिंग करून द्या.” सर्व्हिसिंगला अजून दीड महिना होता. त्याने ऑइल बदललं, पुस्तकात शिक्का मारला, मी परत आले.

तुला मी सांगितलं की भांडले. माफी मागितली त्यांनी, जुना सेल्फ आणून दिला. तू पुढे झुकून विचारलंस, “हातात दिला?” मी हो म्हटलं. “कसा होता?” मी म्हटलं, चांगला होता, काही झालं नव्हतं त्याला. तू किती वेळ मान हलवत बसलास. नंतर बंदरावर तू ती गोष्ट कोणाकोणाला सांगितलीस ते मला तुझ्या दहाव्याला कळलं. एकजण म्हणाला, “तुजा बाप बोलायचा, माज्या पोरीनं कंपनीला जुना पार्ट हातात द्यायला लावला.” मी तिथेही मान खाली घालून ऐकलं.

तुझी नात आता चाळिशीला आली. इन्हेलर पर्समध्ये असतो, पण क्वचित लागतो. तीही ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. परवा तिच्या गाडीच्या सर्व्हिस सेंटरने भली मोठी यादी काढली, आणि तिने मला फोन केला. “आई, तू चल माझ्याबरोबर. तू त्यांना सरळ केलं होतंस ना, मला शिकव.” मी बरं म्हटलं. उद्या अकराला ती घ्यायला येणार आहे. जुने भाग मागायचे, कारण बोटाने दाखवायला लावायचं, हे सगळं मी तिला सांगू शकते. तुझंच आहे ते. ते कसं मागायचं, हे मात्र मला माहीत नाही, कारण मी कधी मागितलंच नाही. हे पत्र ती यायच्या आधी फाडून टाकेन. काउंटरपलीकडच्या त्या माणसांची मला अजून भीती वाटते, बाबा.