यान आजोबांचे बूट

मंगळवार, संध्याकाळ. ग्लेन वेव्हर्ली

यान आजोबांच्या बुटांच्या नाड्या डोक्यातून जातच नाहीयेत. आमच्या नर्सिंग होममधले हे नव्वदीचे, मूळचे डच आजोबा इंग्रजी विसरलेत, डच तेवढी उरलीय. माझी नाइट शिफ्ट संपत आली की अंधारातच बूट चढवून बसतात आणि म्हणतात, ‘ऑख्तंत’. म्हणजे सकाळ. मी नाड्या सोडते, झोपवते, चार्टवर लिहिते: वेळेचं भान नाही.

आज निघताना त्यांची मुलगी भेटली. बुटांचं सांगितलं तर म्हणाली, “डॅडचा डेअरी फार्म होता ना! अंधारातच दूध काढायला जायचे.”

घरी येऊन ‘ऑख्तंत’ या शब्दाचं मूळ शोधलं. मुळात तो रात्रीचा शेवटचा भाग! म्हणजे आपली पहाटच की. आई पहाटे उठायची, तिला कुणी परत झोपवलं का? मूर्ख मी.

उद्या नाड्या सोडायच्या नाहीत. वेळ त्यांना बरोबर कळते. गाई कुठे गेल्या, तेवढंच कळत नाही.