तारांची अदलाबदल

४ मार्च

चि. छोट्यास,

अ. उ. आ. फोनवर दुसऱ्या वाक्यालाच आपलं वाजतं, म्हणून लिहिते. आज भांडायलाही अंगात त्राण नाही.

आधी आप्पांना आवर. मी सोन्यावर काम करते, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलंय. परवा त्यांच्या मित्राने मला बांगड्या कुठून घ्याव्यात म्हणून विचारलं. माझं सगळं सोनं एका काचेच्या तुकड्यावर मावतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांवर सोन्याचं कवच. सोनं प्रकाश गोळा करतं, पण चुंबकाला भीक घालत नाही. लोखंड चुंबकाचं ऐकतं, पण प्रकाशावर त्याची पकड कमी. दोघांना एकत्र नांदवलं, तर चुंबक चालू करताच काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवता येते. तीन वर्षं मी त्यांचाच संसार मांडतेय.

आणि दिशा वळली, नुसत्या लोखंडाच्या आजवर छापलेल्या आकड्याच्या चाळीसपट. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी शोधपत्रिकेला लेख पाठवलासुद्धा, पहिलं नाव माझं. काल सहज कण नसलेली कोरी काच ठेवली, तर जवळपास तोच आकडा. सर म्हणतात, काच नीट धुतली नसशील. अकरा वेळा धुतली रे. लेख छापून आला तर माझी नोकरी कायम होईल. गप्प बसू का?

रागावलीय, पण तुझ्यावर नाही. माया असू दे.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून डोकं फिरलं. आप्पांचं सोड. मी पंधरा वर्षं मोटारींचं वाइंडिंग करतोय, तरी ते सगळ्यांना मी पंखे दुरुस्त करतो म्हणून सांगतात.

तीन वर्षं तू कणांचं कौतुक ऐकवलंस. ती काच कशावर बसवलीय, हे एकदाही सांगितलं नाहीस. माझ्याकडे घरघरणारी मोटार येते, तेव्हा निम्म्या वेळा वाइंडिंग ठणठणीत असतं, झाकणच ढिलं असतं. एक कर. वीज बंद करून चुंबकाच्या कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल कर, म्हणजे चुंबकाची तोंडं उलटतील. कणांची करामत असेल, तर प्रकाश उलट्या बाजूला वळेल. पण आसपासचं लोखंड ओढलं जात असेल, तर त्याच बाजूला वळेल. लोखंडाला चुंबकाचं कुठलंही तोंड दाखव, ते ओढलंच जातं.

आणि गप्प बसू का, हे मला कशाला विचारतेस? माझं उत्तर तुला ठाऊक होतं, म्हणूनच ना?

जेवत जा वेळेवर. फटकळ बोललो ते पोटात घाल.
तुझा छोट्या

२३ मार्च

चि. छोट्यास,

अ. उ. आ. तारा बदलल्या. प्रकाश त्याच बाजूला वळला. मी स्टुलावर बसूनच राहिले.

काचेच्या स्टँडचे चारपैकी दोन स्क्रू लोखंडी निघाले. चुंबक चालू झालं की स्टँड केसभर कलायचा आणि आम्ही त्यालाच शोध समजत होतो. ते स्क्रू सरांनीच बसवले होते. तारांना हात का लावलास, यावरून त्यांनी मला फैलावर घेतलं. लेख मागे घेतला नाही, तर माझं नाव काढा, असं मी सांगितलं. घेतला मागे. मग पाच दिवस एकाच खोलीत बसून क्लार्ककरवी मला चिठ्ठ्या पाठवत होते.

पितळी स्क्रू लावून पुन्हा मोजलं. चाळीसचे तीन झाले. बाथरूममध्ये जाऊन रडले.

काल सर आले आणि त्यांनी स्वतः तारा बदलल्या. प्रकाशाचं वळण दाखवणारा काटा उलट्या बाजूला गेला. पुन्हा बदलल्या, परत आला. कोऱ्या काचेला जेमतेम हलला. असं सहा वेळा केलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “लिहायला घे. तीन म्हणजे तीनच लिही.”

नोकरीचं आता वर्षभर लांबलं. त्याचा राग आहे, सरांचा आहे, आणि तुला एका पानात कळलं याचा सगळ्यात जास्त. पण आज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वही न उघडताच चुंबक चालू केलं. काटा वळताना नुसती बघत बसले.

चिडले असले तरी लोभ चालू ठेव.
तुझी ताई