दुपारी कुठे बसता?

ता. चाळीसगाव
दि. २१ एप्रिल २०२५

ती. मृणालीताईस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर मी घाबरलो की निम्मे सांगायचे राहते, म्हणून रोज धुळ्याला जाणाऱ्या हितेंद्रच्या हाती हे पत्र देतो आहे.

वाढत्या उन्हात कोणते गाव किती तग धरेल, याचे सर्वेक्षण मी आपल्या गावात करतो आहे. दोनशे सहा घरे झाली, एकही खाडाखोड नाही. पत्र्याचे छप्पर म्हणजे पक्के घर, दोन गुण. धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत, ते कच्चे, शून्य. आपल्याकडे बहुतेक पत्रेच, म्हणून गाव सक्षम ठरणार आणि छपरे थंड करून देण्याच्या यादीतून निघणार.

ताई, गेल्या मे महिन्यात आई पत्र्याखालीच चक्कर येऊन पडली होती. आणि धाबे पाडून पत्रे घालण्याचा हट्ट माझाच होता. आबा अजून ऐकवतात, की बारावी अर्धी सोडली, पण घर मात्र पोराने पुरते भाजून काढले. आता आई रोज अकरा वाजता शेजारच्या बेबाबाईच्या धाब्याखाली जाऊन बसते. निम्मी गल्ली तिथेच असते. त्याच घराला मी शून्य लिहिले आहे. पुढच्या सोमवारी सर्वेक्षणाच्या हर्षितामॅडम शिरपूरहून कागद न्यायला येतील. काय करू?

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेला,
प्रशील

देवपूर, धुळे
दि. २४ एप्रिल २०२५

चि. प्रशील यास,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचले. अक्षर असे की माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवावे. पत्र्यांपायी स्वतःला खात बसू नकोस. पावसाळ्यात आपले धाबे कसे गळायचे, ते मी विसरलेले नाही.

मॅडमशी वाद घालायला जाऊ नकोस, तू अडखळशील. दुपारी दोनला त्यांना आपल्याकडे चहाला बोलाव. खुर्ची दे, पंखा लाव आणि गप्प बस. सोबत शाळेचे थर्मामीटर पाठवते आहे. ते फुटले तर मला तोंड दाखवू नकोस.

आईला पाणी पीत जा म्हणावे. तूही वेळेवर जेव, मग लोभ आहेच.
मृणाली

ता. चाळीसगाव
दि. २९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

थर्मामीटर शाबूत आहे, हे आधी सांगतो.

मॅडम आल्या. मी गप्प बसलो, फार जड गेले. सहाव्या मिनिटाला त्यांनी अर्धा कप खाली ठेवला आणि विचारले, की घरातली माणसे आहेत कुठे. मी त्यांना बेबाबाईकडे नेले. आपल्याकडे सेहेचाळीस अंश होते, तिच्याकडे सदतीस. बेबाबाईने त्यांना तोंडावरच विचारले, की माझे घर नापास केले म्हणे, पण बठ्ठं गाव तं आठेच शे, मंग कमजोर कोन? खरेच सगळे तिथेच बसलेले होते. बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. घोंगडीवर बसून त्यांनी सगळे कागद मला परत दिले. म्हणाल्या, की यादी त्यांच्या एकटीच्या हाती नाही, पण मोजमाप पक्के असेल तर त्या भांडतील. भर दुपारी घरोघर जाऊन अंश लिही आणि एक प्रश्न वाढव, असे त्यांनी सांगितले. मुदत आठ दिवसांची.

आबांनी स्वतः माझ्या डोक्याला ओला पंचा बांधून दिला. नाहीतर तूच नापास होशील, म्हणाले. आज एकतीस घरे झाली. उरलेली करणारच.

नवा प्रश्न असा आहे: दुपारी कुठे बसता? आपल्या पक्क्या घराच्या कागदावर मी लिहिले, बेबाबाईकडे. तिच्या कागदावर लिहिले, घरीच.

थर्मामीटर परत यायला वेळ लागेल. तोवर माया आटू देऊ नकोस.
तुझा,
प्रशील