नाकावरची माशी

६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या डब्यात गळावर बांधलेल्या, मासे भुलवायच्या नव्या माशा आहेत. जपून उघड, गळ बोटात जाईल. निम्म्या कोळंबीसारख्या गुलाबी, निम्म्या वाळूच्या रंगाच्या. डोळ्यांच्या जागी या खेपेला बारीक साखळीचे मणी लावले आहेत. पितळेचे जड डोळे गुडघाभर पाण्यात धोंड्यासारखे पडतात आणि मासा पळतो, हे तुझंच म्हणणं. सध्या दुकानात दुरुस्तीला घड्याळं कमी येतात, म्हणून दुपारी चिमटा आणि भिंग घेऊन पिसंच गुंडाळत होते. मालक म्हणतात, इतर लोक रिकामपणी माशा मारतात, आमच्या बाई माशा बांधतात.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की वहिनीही ‘सहज’ माशी बांधून पाहतात. पाहू देत की. मला काय! पण बांधताना गळ घट्ट धरणारी माझी पकड त्यांना कुणी काढून दिली? ती मी तुझ्याकडे ठेवायला दिली होती, वापरायला नव्हे. असो. माशी पाण्यात उलटी चालावी, गळाचं टोक वर राहावं, म्हणजे ती गवतात अडकत नाही, एवढं त्यांना सांग. किंवा नकोच सांगू.

कोणाच्या माशीला काय लागलं ते मात्र लपवू नकोस.

माया होती तेवढी राहू दे, तिच्या वाटण्या नकोत.
तुझी चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

डबा पोचला. तुझ्या गुलाबी माशीवर रुपेरी मासे नेहमीसारखेच तुटून पडतात. पण खरी बातमी वेगळीच आहे. आपला ‘शहाणा’ सापडला! ताटासारखा पसरट, काळ्या शेपटीचा, आजवर प्रत्येक माशी हुंगून आपल्याला मूर्खात काढून गेलेला.

माझ्या होडीचं नेहमीचं गिऱ्हाईक, ते दातांचे डॉक्टर, पुढे उभे होते, मी मागे बांबू रोवून. उथळ पाण्यात शेपटीचं टोक वर आलं. डॉक्टरांनी दोरी फेकली. मासा आला, थांबला, त्याने तोंड खाली घातलं आणि माशी घेतली. मग जी दोरी सुटली ती थांबेचना. शेवटी त्याला होडीपाशी आणून नेहमीप्रमाणे परत पाण्यात सोडून दिलं.

माशी तुझ्या वहिनीची होती. जुना स्वेटर उसवून त्या लोकरीची तिने खेकडी केली आहे, रबराचे पाय लावून. दिसायला ओबडधोबड, एक डोळा वाकडा. डॉक्टर म्हणाले, खरी खेकडी तरी कुठे नटूनथटून फिरते! धक्क्यावर दोन दिवस हाच विषय आहे. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला तिच्याच खेकड्या नेईन म्हणतो.

तू नाकावर माशी बसू देत नाहीस, हे ठाऊक आहे. पण तुला आनंद होईल म्हणून लिहिलं.

पत्र लवकर धाड, वाट पाहायला लावू नकोस.
दादा

२८ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
स. न. वि. वि.

दादाचं पत्र वाचून आनंद झाला. फारच झाला. नवख्याच्या गळाला पहिला मासा आपण होऊन लागतो, असं धक्क्यावरची माणसं म्हणतात. मी तसं मुळीच म्हणणार नाही.

फक्त एक सुचवते. खेकडी तळाशी झटकन बसायला हवी. म्हणून पितळेचे चांगले जड डोळे पाठवले आहेत. स्पर्धेच्या माशांना हेच लावा. दादाला विचारत बसू नका, त्याला बांधण्यातलं ओ की ठो कळत नाही.

आपल्या यशाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नणंद

२५ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

डोळे मिळाले. फार सुबक आहेत. एका खेकडीला लावून स्पर्धेआधी मी ती काठाजवळ फेकून पाहिली. डुबुक असा आवाज झाला आणि बोटभर लांबीची पिल्लंसुद्धा पळाली. मी डोळे काढून ठेवले. यांना काही बोलले नाही, बोलणारही नाही. स्पर्धेत आमच्या होडीला काहीच मिळालं नाही, वारा फार होता. आता हसा.

राग आला होता. त्या दिवशी घरातल्या दारांनी तो सोसला. मग वाटलं, मी तरी कुठे वेगळी? लग्न होऊन या घरात आले, तर पहिल्याच संध्याकाळी यांनी मला काय दाखवलं? तुमचा डबा! एकेका माशीची जन्मकथा. ही चिमणीने तापात बांधली, हिच्यासाठी चिमणीने स्वतःची टोपी कापली. जेवताना चिमणी, होडीत चिमणी. मला माशांचं मुळीच वेड नव्हतं, वन्सं. पण या माणसाने एकदा तरी माझ्या हातचं काही असं दिव्याखाली धरून बघावं, असं वाटलं. म्हणून स्वेटर उसवला.

तुम्ही इकडे या. पकड तुमची आहे, ती घेऊन जा. हे म्हणतात, एवढ्या माशा बांधल्या, पण तुम्ही गळाची काठी कधी हातात धरली नाही. खरं का?

राग असेल तोही घेऊन या, घरात जागा आहे.
तुमची वहिनी

३० एप्रिल

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पकड मुद्दामच नेली नाही, मी इथे नवी घेते. दोरी फेकून फेकून खांदा अजून ठणकतो आणि दुकानात चिमटा हातातून पडतो. होडीत घडलं ते तू पाहिलंसच, पण माझ्या आत काय झालं ते लिहिते.

शहाणा माझ्या माशीमागे आला, अगदी जवळ आला आणि वळून गेला. आपल्या हातचं कुणी असं नाकारताना मी कधी पाहिलं नव्हतं. डबा पाठवायचा आणि शाबासकी मिळवायची, एवढंच मला ठाऊक. तेवढ्यात तुझी खेकडी पडली आणि त्याने ती घेतली. तुझं ओरडणं, पळणारी दोरी, मग खडकाला घासून तुटलेली ती दोरी. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, बरं झालं!

दादा बांबू धरून बघतच राहिला. मला वाटलं, तू आता मला पाण्यात ढकलणार. तर तू मटकन खाली बसलीस आणि इतकी हसलीस, की होडी डुलायला लागली. मग मलाही हसू आवरेना. इतकं उघडं पडून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

अजून जळते, हे सांगून ठेवते. तुझ्या खेकडीचे पाय असे फाकलेले कसे राहतात? दादाला कळू न देता लिही.

भांडायचं तर समोरासमोर, हा नेम पाळू या.
तुझी चिमणी

११ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

या घरी तुझी पाकिटं येतात, सगळी वहिनीच्या नावाने. परवा डबाही तिच्याच नावाने आला. तो तिने माझ्यासमोर उघडलासुद्धा नाही. काय लिहितेस विचारलं, तर म्हणते, आमचं आमच्यात आहे. मी होडी ढकलायची, मी मासा दाखवायचा, वारा कुठला ते मी सांगायचं, आणि मासा कशाला लागला ते तुम्ही एकमेकींना कळवायचं! होडीत हसलात कशाला, तेही मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आज ती बाजारात गेली असताना मी पकडीशी बसलो आणि एक माशी बांधली. ती कोळंबी आहे. निदान असावी. बांधताना मिशीचे दोन केस आत गेले आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर. सोबत पाठवतो. भिंगाखाली नीट बघ आणि मासा घेईल की नाही ते खरं लिही. पाकिटावर माझं नाव घाल. वहिनीला यातलं अक्षर कळवू नकोस.

तुम्हा दोघींच्या लोभात कोपराएवढी जागा उरली असली तर मला द्यावी.
दादा

ता. क. पाकीट चिकटवताना ती मागे येऊन उभी होती. पोट धरून हसते आहे. म्हणते, गळाचं टोकच तुम्ही दोऱ्याखाली गुंडाळून टाकलं आहे, मासा लागेल कशाला?