पेटीतला ढावलो

१० मार्च, सोमवार

मेली! हार्ड डिस्क मेली. सकाळी लॅपटॉपले वायर लावली तं नुसती टक्-टक्, टक्-टक् — मंग गप. परत लावली. परत. अकरा वेळा लावली मी.

शाळेत सातवीले शिकवत होती, लक्ष कुठचं! डोक्यात एकच — त्या डिस्कमधले ढावले. लग्नात आमची नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत म्हणते ती गाणी. आईचा वेगळा, भावाचा वेगळा, गोठ्यातल्या बैलाचा पण वेगळा. आमच्या तांड्यात दोघींलेच सारे येत होते. लीलाबाई मागच्या पोळ्याले गेली. उरली तिची मोठी बहीण रामीबाई — माह्या बापूची काकी, चौऱ्यांशी वर्षांची. अख्खा तांडा तिले याडी म्हणते, म्हणजे आई. चार वर्षं दोघींले समोर बसवून रेकॉर्ड केलं मी.

दुसरी कॉपी नाही. मोबाईलमधलं मीच काढून टाकलं, जागा पाहिजे होती. कायले? गॅदरिंगच्या व्हिडिओले!

११ मार्च

एका व्हिडिओत सांगतलं — डिस्क थंड करा. प्लास्टिकमधे गुंडाळून फ्रीजरमधे ठेवली, मटारच्या पिशवीजवळ. दोन तास. काढून लावली. आता टक्-टक् पण नाही.

१३ मार्च

सैफकडे गेलती. बस स्टँडमागं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाये, आमच्याच शाळेत शिकला. डिस्क हातात उलटीपालटी केली. "मॅडम, किती बार लावली?" म्हणलं, दोन-तीनदा. (खोटं!) "आन हिच्यावर पाण्याचे डाग काहून हायेत?" मंग फ्रीजरचं सांगावं लागलं.

"फ्रीजर? मॅडम, ते काय कुल्फी हाये काय?"

हसला, मंग माह्या डोळ्यातलं पाणी पाहून त्यानं हसू आवरलं. म्हणे आतली वाचणारी सुई गेली. पहिल्याच आवाजाले बंद करून आणली असती तं गोष्ट वेगळी होती. "दिवाळीतच म्हणलतं ना तुमाले, दुसरी कॉपी काढा?" म्हणलतं त्यानं. आन मी म्हणलतं, रविवारी काढते.

नागपूरले कोणी जाणकार हाये, त्याच्याकडं पाठवतो म्हणे. "उम्मीद मत रखो मॅडम, पर ना भी मत बोलो."

१६ मार्च, रविवार

फुलसावंगीच्या पुढं, तांड्यावर गेलती. सांगाचंच होतं. पायरीवर चढताना पण ठरवलतं.

होळीचा रंग भिंतींवर तसाच होता. शाम, माहा भाऊ, पेढे घेऊनच समोर आला — रंजिताचं, त्याच्या पोरीचं लग्न ठरलं, ११ मे. "आन ताई, तुह्याजवळचे ढावले पेनड्राइव्हवर देजो. डीजेवाला लावंल, रंजी नुसते ओठ हलवंल!" सारे हसले. रंजिता म्हणे, "मंग काय करू आत्या, मले येतच नाही ना. याडी शिकवते कुठं?"

याडी ओट्यावर होती. म्हणे, "मी कायले शिकवू? उज्ज्वलाच्या पेटीत सारं भरून देल्लं. मी मोकळी."

पेटी म्हणजे माही डिस्क. आन हे माहं वाक्य! मीच म्हणलतं तिले — एकदा पेटीत गेलं की तू मोकळी याडी, आता तुह्यं गाणं मरत नाही. आधी दर उन्हाळ्यात चार-दोन पोट्ट्या तिच्या गळ्यात पडून शिकत. ढावलो पाठ करून येत नाही, गळ्यात पडूनच येते. माह्या पेटीपासून तिनं पोट्ट्या बंद केल्या.

मंग मले जवळ बोलावून हळूच म्हणे, "लीलीचा आवाज लाव ना एकडाव." दर खेपेले मागते. म्हणलं, लॅपटॉप आणला नाही आज.

"पण पेटी ठीक हाये ना?"

"ठीक हाये, याडी."

पेढा बसमधे खिडकीतून फेकला.

२३ मार्च

तांड्यावर गेली नाही. परीक्षेचे पेपर काढाचे हायेत म्हणून फोनवर सांगतलं. काढून झालते.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. गोड केलं. मन कायतच लागत नाही.

नवरीबिगर ढावलो म्हणणं अशुभ, म्हणून रेकॉर्डिंगले दर वेळी मलेच नवरी करत. माहं लग्न कोर्टात झालं, दोन सह्या आन चार फोटो. ढावलो मी कधी म्हणलाच नाही. तरी डोक्यावर ओढणी घालून बसवत. दोघी बुढ्या माह्या गळ्यात पडून रडत, आन माहं ध्यान त्या लाल दिव्याकडं — चालू हाये का नाही! एकदा लीलाबाई मधातच थांबली. "तू रडत काहून नाहीस व?" मी म्हणलं, "मी रडली तं आवाज खराब येईल ना."

असं बोलली मी तिले. शिकलेली बाई!

६ एप्रिल

शामचा फोन. पेनड्राइव्ह? म्हणलं, देते. लाज कशी वाटत नाही मले!

१३ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं.

याडी मिरच्यांचे देठ काढून राह्यली होती. बाजूले बसली आन एका दमात म्हणलं — "याडी, पेटी मेली. मागच्या महिन्यातच मेली. मी खोटं बोलली तुह्याशी."

"मंग दुरुस्त कर."

"होत नाही बहुतेक."

"सारं गेलं?"

"सारं."

हात थांबला तिचा. "म्हणजे लीली पण?"

मी मान हलवली. मंग मिरच्यांकडं पाहत म्हणे, "दुसऱ्यांदा गेली व माय माही बहीण." शिव्या देल्या असत्या, दोन ठेवून देल्या असत्या तं बरं झालं असतं!

मले रडू फुटलं. असं भोकाड, लहानपणी पण पसरलं नसंल. गळ्यातच पडली तिच्या. तिचे हात तिखटाचे, तरी पाठीवर थोपटून राह्यली. मंग कानाशी म्हणे, "अशी नोको रडू. दम पुरत नाही अशानं. इथी सोड श्वास." आन हळूच तिनंच सुरू केलं. मी तिच्या मागं मागं. सेहेचाळीसाव्या वर्षी!

रंजिता दारातून पाहून राह्यली होती. याडी खेकसली तिच्यावर, "उभी काय राह्यली, छोरी? ये. त्या बाजूनं पड गळ्यात."

मोबाईल पर्समधे होता. काढला नाही.

२० एप्रिल

पाच पोट्ट्या! रंजितानं मैत्रिणी आणल्या. याडी शिव्या देऊन देऊन शिकवते. "रडता येत नाही तुमाले? घरी जेवत नाही काय?" पोट्ट्या हसतात, मंग एक रडली की साऱ्या रडतात. डीजेवाल्याचं अजून कोणी बोललं नाही.

२७ एप्रिल

नऊ झाल्या. दोघी तं बाजूच्या तांड्यातल्या. रंजितानं भावाचा ढावलो आज पुरा म्हणला. शाम — डीजेवाला शाम! — उठून गोठ्यामागं गेला. आला तं डोळे लाल. म्हणे, धूळ गेली.

याडीले दम लागते. मधात विसरते, म्हणते, "हे लीलीले येत होतं," आन बसून राह्यते. तेव्हा मी पोट्ट्याइले पाणी द्याच्या निमित्तानं उठते. तिच्यासमोर बसवत नाही.

१ मे

झेंडावंदन करून घरी आली आन सैफचा फोन. "मॅडम, मिठाई काढा! सगळं निघालं! नागपूरवाल्यानं सुई बदलली. मी एक फाईल लावून पाह्यली — दोन बुढ्या अम्मा रडून राह्यल्या. एक म्हणते, तू रडत काहून नाहीस व?"

लीलाबाई! स्वयंपाकघरात खालीच बसली मी. देवाले हात जोडले, सैफले जोडले, त्या नागपूरवाल्याले पण. शामले फोन लावाले नंबर काढला.

आन अंगठा तिथीच थांबला.

पेटी आली की याडी मोकळी. पोट्ट्या म्हणतील, मोबाईलवर पाठवा, मॅडम. शाम पेनड्राइव्ह मांगल. पुढच्या रविवारी ओट्यावर कोणी नसंल.

सैफले परत फोन केला. "दोन कॉप्या काढ. तुह्याजवळच ठेव. लग्न होईस्तोर कोणाले सांगू नोको."

"पर मॅडम, तुमी तं रडत होत्या माह्या दुकानात!"

फोन ठेवला मी.

४ मे, रविवार

बारा पोट्ट्या आज. लग्नाले सात दिवस. पाणी पिताना याडीनं माहा हात धरला. "लीलीचा एखादा तुकडा तरी निघाला असंल ना व त्यातून? थोडासा?" हात गरम होता तिचा. दोन दिवसांपासून ताप हाये म्हणे.

म्हणलं, "नाही याडी. काहीच नाही निघालं."