एकेचाळिसावं पान

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांना खुडबुडीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पाकीट पाहून दचकला असाल. फोन सोडून ही पोरगी पोस्टात कशी गेली, असं मनात आलं असेल. पण लिहायचंय ते त्या मेसेजच्या अ‍ॅपबद्दलच, तेव्हा त्याची चहाडी त्याच्याच तोंडून नको म्हटलं.

बाबांची पेटी तुम्ही अजून पाहिलेली नाही. आजारपणात त्यांची वाचा गेली आणि उजवा हातही, ते तुम्हाला ठाऊक आहेच. डाव्या हाताने फोनवर लिहायला जावं तर बोट पडतं एका अक्षरावर, उमटतं भलतंच. म्हणून मी त्यांना लाकडी पेटी करून दिली, वर बिस्किटाएवढाली बटणं. पेटी थेट त्या अ‍ॅपच्या कंपनीच्या सेवेशी बोलते. कंपनी आपली बोली बाहेरच्यांना सांगत नाही. मग सहा महिने माझ्याच फोनमधून काय जातं नि काय येतं ते बघत बसले आणि शिकले एकदाची. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी शिंपीकाकांशी पेटीवरून बुद्धिबळ खेळतात आणि हरले की त्यांना यथेच्छ शिव्या घालतात. घर पुन्हा बोलकं झालंय, मामा.

एवढ्यावर थांबले असते तर मी खुडबुडी कसली! पेटीचा प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट ठेवून दिला. बाबांसारखी दोनशेवर माणसं तो वापरतात. आणि काल कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. चौदा दिवसांत सगळं काढून टाका, नाहीतर खटला, शिवाय पेटीवाल्या सगळ्यांची खाती बंद, बाबांचंही. तुम्ही वकील, तुम्हीच सांगा, मी चोरी केलीय का हो? खातं गेलं तर बाबा पुन्हा मुके होतील. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

रागवायचं तर रागवा, पण लवकर रागवा.

तुमची,
खुडबुडी


ता. ९ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांची असताना माझं चांगलं चालू घड्याळ उघडून बसली होतीस, तेव्हाच ताईला म्हणालो होतो की तुझी ही कन्या मला म्हातारपणीही कामाला लावणार. झालं तसंच. इकडे सर्व क्षेम. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

आता डोकं शांत ठेवून वाच. चोरी हा शब्द मनातून काढ. एखादी वस्तू कशी चालते ते बाहेरून बघून आपली वस्तू तिला जोडायला आपल्या कायद्यात जागा आहे. पण फार ऐसपैस नाही. अ‍ॅप घेताना न वाचता ‘मान्य’ दाबलं असशील. त्या अटींत असं बघायला मनाई असणारच, आणि अट मोडली म्हणून ते खातं बंद करू शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बघून शिकणं वेगळं आणि त्यांनी लिहिलेलं उचलणं वेगळं. पहिल्यासाठी मी भांडेन. दुसऱ्यासाठी कुठल्या तोंडाने भांडू? त्यातून तू ते जगभर वाटलंस, तेव्हा फक्त बापासाठी केलं असं म्हणायचीही सोय ठेवली नाहीस, शहाणे!

प्रोग्रॅम आजच्या आज इंटरनेटवरून उतरव. नोटिशीला उत्तर देऊ नकोस आणि घरातलं काहीही पुसू नकोस. मला एवढंच कळव, की काय पाहिलंस त्याच्या नोंदी आहेत का, आणि त्यांचं अ‍ॅप आतून उघडून काही घेतलंस का. खरं लिही. भाचीला मी सांभाळून घेईन, पण अशिलाची थाप मला चालत नाही.

बापाला मात्र सांगून टाक. तो म्हातारा तुझ्यामाझ्यापेक्षा खमक्या आहे.

आशीर्वाद आहेतच, अक्कलही येवो.

तुझा,
मामा


ता. १६ फेब्रुवारी

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

सोबत वही पाठवतेय, जपा. बाबांच्या कुलपांच्या दुकानातली शिस्त तुम्हाला आठवत असेल. मूळ किल्ली हरवलेल्या कुलपाला नवी किल्ली घासायची, तर आधी रजिस्टरात लिहायचं: कुलूप कोणाचं, काय काय करून पाहिलं, आणि शेवटच्या रकान्यात, हजर कोण होतं. मालक समोर उभा नसला तर बाबा कानस हातात घेत नसत. मी लहानपणी ती रजिस्टरं आखून द्यायचे, त्यामुळे याही कामाची वही मी तशीच ठेवली. एकशे बावीस पानं भरलीत. ‘हजर’च्या रकान्यात सगळीकडे मी एकटीच.

आता खरं लिहिते. एकेचाळिसावं पान बघा. प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर एक आकड्यांची खूण असते, ती चुकली की सेवा दार उघडत नाही. खूण कशी बनते ते मला बाहेरून बघून काही केल्या उमगेना. शेवटी वैतागून त्यांचं अ‍ॅप फोडलं आणि त्यातल्या चाळीस ओळी जशाच्या तशा उचलल्या. आणि सवयीने तारखेसकट वहीत उतरवूनही ठेवल्या! ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तेवढं पान फाड. फाडू का?

प्रोग्रॅम उतरवला. तरी मुदत संपायच्या आधीच, सोमवारी, बाबांचं खातं बंद झालंच. मी त्यांना म्हटलं पेटी बिघडलीय. तर यांनी डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दिवसभर पेटी उघडून दोष शोधत बसले. मी शेजारी बसून स्क्रू सांभाळत होते. माझी मलाच लाज वाटली, मामा.

उत्तराची वाट बघत दारातच बसलेली,
खुडबुडी


ता. २१ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

खबरदार पान फाडलंस तर! एक पान गेलं की उरलेल्या एकशे एकवीस पानांवर कोण विश्वास ठेवणार? तेच एक पान तुला अडकवू शकतं, आणि उरलेलं सगळं तुझं स्वतःचं आहे हेही त्याच पानावरून पटतं. मला विचारशील तर आपणच कंपनीला लिहावं की एवढं उचललं, ते काढून टाकलं, बाकी सगळं बघून शिकलो, आणि ज्यांना तुमचं अ‍ॅप वापरता येत नाही त्यांच्यासाठी परवानगी द्या. धोका आहे. ते पान हातात धरून ते थेट कोर्टात जाऊ शकतात, आणि मग मी हमी देणार नाही. निर्णय तुझा.

ती खूण पुन्हा शोधायची झाली तर तू शोधू नकोस. तू त्या ओळी पाहिल्यास, आता न पाहिल्यासारखं करता यायचं नाही. ज्याने त्या पाहिलेल्या नाहीत अशा माणसाने शोधावी, जुन्याच नोंदींवरून, आणि तू तोंडातून ब्र काढायचा नाही. असा माणूस तुला कुठे मिळणार, देव जाणे.

बापाला सांगितलंस का? पुढच्या पत्रात ‘हो’ दिसलं नाही तर मी गुडघ्यासकट तिकडे येईन.

तुझा,
मामा


ता. १४ मार्च

ती. मामांना शि. सा. नमस्कार.

हो, हो, हो. सांगितलं. बाबांनी नोटीस वाचली, मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पाच वर्षांची झाले. तुमचंही पत्र त्यांनी वाचलं आणि छातीवर बोट ठेवलं. माणूस मिळाला, मामा!

वही परत आल्यावर एकेचाळिसावं पान मी चारी बाजूंनी टाचून बंद केलं. बाबांसमोर जुन्या नोंदींचे कागद पसरले आणि ते कुलपाच्या खाचा मोजायचे तसे आकडे मोजू लागले. त्यांना बोलता येत नाही, मला बोलायची बंदी. अकरा दिवस एका टेबलावर दोन मुकी माणसं! चुकीच्या वाटेला लागले की मला नुसतं शिवशिवायचं. मग मी उठून चहा टाकायचे. इतका चहा आम्ही जन्मात प्यालो नव्हतो.

बाराव्या दिवशी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या शेपटातून निघते, एवढीशीच गोष्ट. त्यांनी डाव्या हाताने नियम लिहून दिला, त्यावरून मी सात ओळी लिहिल्या. वहीत नोंद केलीय: शोधणारे, बाबा. हजर, मी, गप्प.

चाळीस ओळी गेल्या. टाचण्या काढून अख्खी वहीच पुन्हा सोबत पाठवतेय, त्या पानाची नक्कलही जोडलीय. कंपनीला पत्र पाठवा. काय व्हायचं ते होवो, बाबांच्या देखत मला आता दुसरं काही करता येणार नाही.

भीती वाटतेय, पण झोप लागतेय.

तुमची,
खुडबुडी


ता. २ एप्रिल

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद आणि पाठीवर एक सणसणीत थाप.

कंपनीच्या वकीलबाई स्वतः येऊन गेल्या. दोन तास वही चाळत होत्या. जाताना म्हणाल्या, इतक्या वर्षांत वाईट पान कोणी आपणहून आणून दिलेलं नाही. खटला नाही. पेटीवाल्या सगळ्यांना, तुझ्या बापासकट, लेखी परवानगी आणि खाती परत. मात्र प्रोग्रॅम पुन्हा जगजाहीर ठेवणार नाहीस अशी सही द्यावी लागेल. नवा कोणी आला तर त्याने आधी कंपनीकडे अर्ज करायचा. नाक मुरडशील, माहीत आहे. मुरड आणि सही कर.

फी म्हणून मला एक पेटी हवी. गुडघ्याच्या तक्रारी कळवायला.

तुझा,
मामा


ता. ९ एप्रिल

वकीलसाहेबांना त्यांच्या मुक्या मेहुण्याचा नमस्कार.

पेटी सुरू झाली. शिंप्याला हरवून आलो. तरी हे हाताने लिहितोय. तुम्हा दोघांची पाकिटं येता-जाता पाहून मला हेवा वाटत होता. अक्षराला हसू नका, डावा हात अजून बिगारीत आहे.

एक गोष्ट रजिस्टरात राहून गेली. पेटी बिघडलीय असं पोरीने सांगितलं, तेव्हा पेटीत काही दोष नाही हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. आयुष्यभर कुलपं उघडली, एवढं कळणारच. पण ती शेजारी येऊन बसली आणि तळहातावर माझे स्क्रू मांडू लागली, लहानपणी दुकानात बसायची तशी. कामाला लागल्यापासून इतका वेळ ती माझ्याजवळ बसली नव्हती. म्हणून मी दिवसभर दोष शोधत राहिलो.

तिला हे कळवलंत तरी चालेल. मला पेटीवरून सांगायला जमत नाहीये.

हे लिहिताना हजर: मी एकटाच. ती कामावर गेलीय.

गुडघ्यासकट या.